पाचव्या इंजिनाचं विमान

मुलुंड ते घाटकोपरची असल्फा टेकडी, एवढ्या रिक्षाप्रवासाचं का कुणी वर्णन लिहितं? पण विमानात मी कधी बसलेच नाही, आणि शेजारी बाबा होते.

बाबा ब्याऐंशीचे, विमानांच्या हँगरमधले जुने फिटर. एका प्रवासी विमानाच्या खुर्च्या काढून, डाव्या कुशीत मोठं दार कापून त्यांनी ते मालवाहू केलं होतं. दाराशेजारी ड्रिल सरकलं, म्हणून तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचं ठिगळ मारलं. पत्रा बंद करण्याआधी घरच्या तान्ह्या पोराचं नाव आत लिहायची फिटरांची रीत. बाबांनी त्या ठिगळामागे माझं लिहिलं.

आता तसंच एक म्हातारं विमान नवी इंजिनं तपासायला फिरवतात, नाकाजवळ पाचवं इंजिन लावून. ते एका रात्रीपुरतं मुंबईत थांबणार होतं. "आपलंच असलं तर, सुनू?" आठवडाभर बाबांचं हेच पालुपद. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेलेली. ठिगळ बघायचं होतं ते मी.

चढाला रिक्षावाल्याने हात टेकले. पायऱ्या चढून चाळीच्या गच्चीवर पोचलो, तर कॅमेरे घेतलेले दहाबारा विमानवेडे उकडलेल्या शेंगा खात बसलेले. तन्वी नावाच्या मुलीने बाबांना खुर्ची दिली आणि त्यांच्याकडून डाव्या कुशीतल्या शंकरपाळ्याची गोष्ट ऐकली.

"आलं, आलं! काका, नाक बघा ना, काय झकास!"

सगळ्यांनी नाकच पाहिलं. विमान समुद्राच्या दिशेने उतरलं आणि आम्हाला दिसली ती उजवी बाजू.

"वाट लागली," मी म्हटलं.

"उडतानाही समुद्राकडेच जाईल, काका," तन्वी हळहळली.

"थंडी आहे गं," बाबा म्हणाले. "सकाळी मतलई सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं. उद्या इकडेच येईल."

पोरं गालात हसली. मलाही खरं वाटलं नाही, पण सकाळी पुन्हा रिक्षा केली. गच्चीवर तन्वी एकटीच आलेली. बाबांचा मफलर समुद्राकडे फडफडत होता.

"हेच," आवाज ऐकूनच बाबा उठले. विमान आमच्या समोरून, डावी कूस दाखवत वर चढलं. तन्वीने फोटो मोठा केला. दाराशेजारी ठिगळ होतं.

"शंकरपाळं, काका!"

बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. त्यांना काहीच दिसत नव्हतं. मला रडू आवरेना.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "रडतेस काय? पन्नास वर्षं फुकट जग फिरतेयस."