वार्निश दिलेली कॉइल

भूतखेत, करणी, संकेत... यातलं मी काहीच मानत नाही. गावाकडं उतरवून टाकलेलं लिंबू लोक ओलांडत नाहीत, मी ते उचलून सरबत करून प्यालोय. तरी हे लिहितोय, कारण एक गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. शाळा सातवीतच सुटली, तेव्हा लिहिण्यात चूकभूल सांभाळून घ्या.

शहाण्णव-सत्त्याण्णवचा हिवाळा. मी परभणीकडचा, सुरतेत नवागामला खोली घेऊन राहायचो. पर्वत पाटियाजवळ मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वाइंडर होतो. जळालेल्या मोटरची तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निशमध्ये बुडवून वाळवायची — हेच काम. दुकान खानदेशातल्या आप्पांचं.

मागच्या सोसायटीत रमणकाका राहायचे. गुजराती, रिटायर, हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेनं घरून बिनतारी बोलायचं, सरकारी लायसन असलेले. मला कावीळ झाली तेव्हा काकींनी अकरा दिवस मुगाचं पाणी आणि खिचडी पाठवली. परक्या गावात कोण करतं एवढं? त्या माणसांसाठी काय करू नि काय नको, असं मला व्हायचं.

काकांना एकशेसाठ मीटरच्या बँडवर बोलायचं होतं. त्याला सव्वाशे फुटांच्या वर उंच एरियल लागते आणि त्यांच्या गच्चीवर होता तीस फुटी पाइप. उरलेली उंची कॉइलनं भरून काढायची, म्हणजे पीव्हीसी पाइपवर तांब्याची तार गुंडाळून एरियलच्या बुडाशी जोडायची. ती मी गुंडाळून दिली. मग काका एकेका वेढ्यावरचा लेप खरवडून, तिथं चिमटा लावून मीटर बघत बसले. काटा पडला की माप जुळलं. त्रेचाळिसाव्या वेढ्यावर काटा एकदम पडला.

"बस! इथंच!" काका ओरडले आणि तिथं लाल रंगाचा ठिपका दिला. "अरे एन्जिनियर, तू तो कमाल कर दी!"

सातवी नापास माणसाला एन्जिनियर म्हणणारे ते एकटेच.

ही सगळी खटपट दलपतभाईंसाठी होती. खाडीपलीकडे, महुव्याच्या बाजूला एका खेड्यात राहणारा त्यांचा जुना दोस्त, तोही हॅमवाला. दलपतभाईंची बायको वारली तेव्हा काका गेले नव्हते. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता दलपतभाईंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यांचं पोस्टकार्ड आलं — रविवारी सकाळी सात वाजता बँडवर असेन, दुपारी दवाखान्यात निघतो. गावात फोन एकच, पोस्टातला, तो रविवारी बंद.

"माफी मागायची आहे," काका मला म्हणाले. "एवढंच."

शनिवारी दुपारी मी कॉइल दुकानात नेली. स्क्रू नीट बसवून आणतो, असं काकांना सांगून. आप्पांनी ती हातात घेऊन फिरवली.

"बिनवार्निशनं काम आपला दुकानमाईन बाहेर जास का रे? लोके हासतीन!"

मलाही पटलं. वार्निशशिवाय वाइंडिंग म्हणजे आम्हाला उघडं-नागडं वाटतं. वर काकांची वस्तू, चांगली मजबूत करून द्यावी. विचारलं नाही मी त्यांना. भट्टीत पाइप वाकला असता, म्हणून दोन कोट मारून दोनशे वॅटच्या बल्बखाली ठेवली. काळी चकचकीत दिसत होती. मी खूश.

रविवारी पावणेसातला गच्चीवर पोचलो. काकांनी कॉइलवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "दिकरा, आ मोटर नथी." पोरा, ही मोटर नाही.

चिमटा लावायला खरवडलेल्या जागा वार्निशखाली गेल्या होत्या. ब्लेडनं लाल ठिपक्याची जागा साफ केली, तर काटा पडेना. वार्निशनं सगळं माप सरकलं होतं. मग एक वेढा खरवडायचा, चिमटा लावायचा, मीटर बघायचा, पुन्हा पुढचा वेढा. सात वाजले. सव्वासात. रेडिओची वायर काढून ठेवलेली, सेट बंद. हे मी शपथेवर सांगतो, कारण प्लग माझ्याच पायाशी पडला होता.

काका मात्र खरवडता खरवडता बोलत होते. माझ्याशी नाही, कॉइलशीच म्हणा. "मी निघालो होतो रे दलपत. एसटी स्टँडवर गेलो, तिकीट पण काढलं. तुला रडताना बघायची हिंमत नाही झाली. फाडून टाकलं तिकीट."

पावणेआठला काटा पडला. सेट लावला, काकांनी दहा-बारा वेळा हाक मारली. खरखर... बाकी काही नाही.

दलपतभाई ऑपरेशनमधून उठलेच नाहीत.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा मुलगा सुरतेत आला, वडिलांचं लॉगबुक घेऊन. हॅमवाले प्रत्येक बोलणं त्यात वेळेसकट लिहितात. तो म्हणाला, "काका, तुमच्याशी बोलून पप्पा फार खूश होते. हसत हसत निघाले."

काका म्हणाले, "कधी बोललो?"

त्यानं पान उघडलं. मला गुजराती वाचता येतं, मीही वाकून पाहिलं. रविवारची तारीख. सात पाच ते सात अठ्ठावीस. रमण, आवाज एकदम साफ. खाली लिहिलेलं — तिकीट काढून फाडलं म्हणतो. गांडा आहे, म्हणजे वेडा. मी म्हटलं, त्यात माफी कसली.

तिकिटाचं काकींनासुद्धा ठाऊक नव्हतं. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. मुलगा गेल्यावर म्हणाले, "त्यानं उत्तर दिलं ने... मला ऐकूच नाही आलं."

मी पाय धरले. त्यांनी मला उठवलं, काकींना चहा ठेवायला सांगितलं. रागाचा एक शब्द नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढं एका दुसऱ्या हॅमवाल्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, आजारी माणूस, भास झाला असेल. असेल. पण भासात तिकीट कुठून आलं? तुमच्याकडं उत्तर असलं तर जरूर कळवा.

दलपतभाईंना ऐकू आलं ते कसं, हे मला सांगता येत नाही. काकांना आलं नाही ते कुणामुळं, हे मात्र सांगता येतं.