मागच्या सीटवरच्या शोभाबाई

देवळाली प्रवराच्या शोभाबाईंना ‘ओरिजिनल’ या शब्दाची शिसारी बसली होती. दोष शब्दाचा नव्हता, तो उठता-बसता तोंडात घोळवणाऱ्या नवऱ्याचा होता. राधाकृष्णरावांकडे त्यांच्या वडिलांच्या काळातली साडेतीनशे सीसीची मोटारसायकल होती. तिची टाकी ओरिजिनल, हेडलाइट ओरिजिनल आणि ब्रेकही ओरिजिनल, म्हणजे असून नसल्यासारखे. ब्रेक दाबला की गाडी आधी थोडा विचार करायची. खड्ड्यात समोरचे शॉकअप ठण्णकन वाजायचे आणि तो दणका थेट मागे शोभाबाईंच्या कंबरेत पोचायचा.

शोभाबाई मराठी शाळेत शिक्षिका होत्या. लग्न झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्या याच गाडीवर मागे बसून शाळेत गेल्या. लेक रुचा लहान असताना तिला मांडीवर घेऊन, एका हातात पिशवी सांभाळत, चाकात जाऊ नये म्हणून पदर दातात धरून बसल्या. वाटेत कुणी गाडीचा फोटो काढायला थांबलं की राव म्हणायचे, “अगं, जरा बाजूला हो, नंबर प्लेट दिसू दे.” आणि या व्हायच्या बाजूला! आता आठवलं की त्यांना स्वतःचाच संताप यायचा.

गेल्या गळीत हंगामात राहुरीहून येताना समोरची उसाची ट्रॉली अचानक थांबली. रावांनी हाताचा, पायाचा, होते नव्हते ते सगळे ब्रेक लावले. गाडी आपली निवांत सरकत गेली आणि मागे लोंबणाऱ्या उसात घुसून थांबली. शोभाबाई रस्त्याच्या कडेला पडल्या. राव उठले ते थेट हेडलाइटपाशी. काच पुसून, चारी बाजूंनी न्याहाळून म्हणाले, “चला, काच शाबूत आहे!” बायकोच्या कोपरातून रक्त वाहतंय, हे त्यांना ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरने दाखवलं.

“पुढचे ब्रेक आणि शॉकअप बदला,” शोभाबाईंनी घरी आल्यावर बजावलं. “तोवर मी या गाडीवर बसणार नाही.”

“डिस्क ब्रेक? या गाडीला?” रावांचा चेहरा सुतकी झाला. “अगं, मग ती ओरिजिनल कुठे राहिली?”

शोभाबाई रिक्षाने फिरू लागल्या. घरातलं बोलणं ‘दूध आणा’, ‘गॅस संपला’ एवढ्यापुरतं उरलं.

मग नगरला जुन्या गाड्यांचा मेळावा झाला. तिथे रविराज नावाच्या कुणा गॉगलवाल्याने सांगितलं, की हल्ली जुन्या गाडीला नवे शॉकअप आणि डिस्क बसवतो तोच खरा शौकीन. बायकोच्या रक्ताने जे झालं नाही, ते गॉगलने एका दुपारी करून दाखवलं. राव घरी आले ते काम ठरवूनच. वर गल्लीभर सांगत सुटले, “हिच्यासाठी करतोय हो! हिच्या जिवापेक्षा काय मोठं आहे?”

शोभाबाईंनी ऐकून नाक मुरडलं. तरी मेलं मन ते, आत कुठेतरी सुखावलंच. खरंच आपल्यासाठी केलं असेल तर?

गाडी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा त्या स्वतःहून नवऱ्याबरोबर कानिफनाथच्या गॅरेजवर गेल्या. पुढच्या चाकाला चकचकीत डिस्क होती, शॉकअप नवे, जाडजूड होते. जीव मुठीत धरून त्या मागे बसल्या. समोरच्या मोकळ्या जागेत एक फेरी मारून रावांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली खरी, पण पुढून धपकन खाली बसली. शॉकअप तळाला आदळले आणि शोभाबाईंचं नाक रावांच्या पाठीवर आपटलं.

कानिफनाथ पळत आला. “काका, आसं कसं? आतल्या स्प्रिंगा वजन बघून टाकाया लागत्यात. मी तुमाला इचारलं हुतं ना, मागं कोन बसतं का म्हून? तुमी म्हनला, न्हाई, मी कायम एकटाच असतो.”

राव वाकून डिस्क निरखू लागले. शोभाबाई खाली उतरल्या. त्यांना रडू आलं नाही, किळस आली. त्या पाठीचीच किळस आली.

“काकू, बदलून देतो मी. दोघांच्या हिशेबानं घालतो,” कानिफनाथ ओशाळून म्हणाला.

“कशाला? बरोबर सांगितलंय त्यांनी. असू देत एकट्याच्याच.”

नाक पुसून त्या रिक्षा थांब्याकडे चालू लागल्या. मागून राव ओरडले, “अगं, पण ब्रेक कसला लागला, बघितलंस ना?”