बांधावर थांबलेल्या पेशी

मला राग लवकर येतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवाळीनंतर मात्र तो माणसांवर कमी आणि पेशींवर जास्त निघत होता. मी लोणावळ्यात राहते आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते. शरीरातल्या ज्या पेशी रोगाशी लढतात, त्या कर्करोगाच्या गाठीत शिरतात की नाही हे बघायचं, असं ते काम. काचेच्या बशीत जेलीचा थर करायचा, मधोमध कर्करोगाच्या पेशी ठेवायच्या, कडेनं लढणाऱ्या पेशी सोडायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली व्हिडिओ काढायचा. दोन महिने माझ्या पेशी कडेपर्यंत जायच्या आणि तिथंच घुटमळायच्या. आत एक जाईल तर शपथ. मी त्यांना ऐतखाऊ म्हणायचे, फेकून द्यायचे, नव्या आणायचे. नव्याही तशाच.

त्याच दिवसांत औंढ्याच्या मावशीच्या छातीत गाठ निघाली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या बाबतीत तिचा शब्द गावात कुणी मोडत नाही. तपासणीत कर्करोगच निघाला, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आधी इंजेक्शनं, मग ऑपरेशन, काळजी करू नका. इथवर सगळं ठीक होतं. मग घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी गुळवेलीचा काढा आणला, कुणी आवळ्याचा रस. काढ्यांचं एक वेळ ठीक, पण शेजारची काकू तिच्या तोंडावर म्हणाली, "तुज्या अंगात ताकदच ऱ्हायली न्हाई बाय, म्हून रोगानं धरलं."

आणि मावशीला ते पटलं! चाळीस वर्षं चिखलात वाकून काम केलेल्या बाईला. पहिल्या इंजेक्शनची तारीख आली, गाडी दारात उभी राहिली, आणि ही उंबऱ्यावरून हललीच नाही. "अंगातच दम न्हाई तर सुई काय करनार? कशाला तुमी धावाधाव करता?" एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी आठवड्यानंतरची तारीख दिली आणि मला फोनवर बजावलं, ही चुकवू नका.

रविवारी मी औंढ्याला गेले, ती सरळ भांडायलाच. तासभर तोंड सोडलं. मावशी खाली मान घालून सुपात तांदूळ निवडत बसली. मी दमून गप्प झाले, तशी विषय बदलायचा म्हणून म्हणाली, "तुजं काय चाललंय?"

मी वैतागून मोबाइलवरचा व्हिडिओ तिच्यापुढं धरला. तिनं तो हात लांब करून बघितला.

"हे ठिपके म्हंजी तुज्या त्या लढनाऱ्या बाया?"

"हो. एक नंबरच्या कामचुकार."

"बांधावर का उब्या हायेत?"

"आत जातच नाहीत. दम नाही त्यांच्यात."

बोलून गेले आणि जीभ चावली. मावशीनं माझ्याकडं बघितलं नाही. ती ठिपक्यांकडंच बघत होती. "आत कसं हाय? पाय रुततोय का?"

तेव्हा मला जेलीची आठवण झाली. पातळ जेली हाताळताना फाटायची, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच ती घट्ट केली होती आणि विसरून गेले होते.

"एका साली हितं खाचर नांगरायचा टिलर बिघडला," मावशी सांगायला लागली. "माती मऊ करायची चिखलनी अर्दीच झालती. बाया बांधावर उब्या, आन मालक म्हनतोय, बाया माजल्यात. मी खाचरात उतरले, तर पाय घोट्याइतका बी गेला न्हाई. म्हनलं, भाऊ, बायांस्नी नावं ठिवू नका, तुमचं खाचर कडक हाय. ह्यात रोप खुपसायचं तर बोटं मोडत्याल."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. पुष्कळशा गाठी आपल्या भोवती तंतूंची दाट वीण घालून कडक होतात, आणि लढणाऱ्या पेशी बाहेरच अडकतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. ते मी मावशीला सांगितलं.

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "माज्या गाटीचं बी आसंच आसंल?"

"असू शकतं. छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. आणि तुझं इंजेक्शन काही चिखलणी करत नाही, ते गाठीलाच मारतं. पण तुझ्या अंगात दम नाही, हे काकूला कुणी सांगितलं?"

"आदी पातळ करून बग," ती म्हणाली. "बाया आत गेल्या तर मला दाव."

आता आली का पंचाईत! पेशी आत गेल्या नाहीत तर प्रयोगही जाणार आणि मावशीही हट्टाला पेटणार. सोमवारी केलेल्या पहिल्या दोन पातळ जेल्या फाटल्या. तिसरी मी तान्ह्या बाळासारखी उचलली. मंगळवारी संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर माझ्या ऐतखाऊ पेशी कड ओलांडून आत घुसल्या होत्या. त्याच पेशी, नावं ठेवलेल्या. मी तिथंच रडले, आणि व्हिडिओ मावशीला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"घुसल्या की गं बाया," ती म्हणाली. आणि त्याच दमात, "गाडी कदी आनतीस?"

पुढचे सहा-सात महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. केस गेले, तोंडाची चव गेली, पण मावशीची चौकशी काही गेली नाही. पहिल्याच दिवशी तिनं डॉक्टरांना विचारलं, "आतली जमीन कडक हाय का मऊ?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि मी छताकडं.

ऑपरेशन झालं, गाठ काढून टाकली, आणि जुलैत आवणी आली. हाताला जोर द्यायचा नाही अशी ताकीद असल्यामुळं मावशी पावसाचं इरलं डोक्यावर घेऊन बांधावर बसली आणि तिथनं हुकूम सोडायला लागली. मी लावलेली वाकडी ओळ बघून बाया पोट धरून हसल्या. मावशीनं तर ती उपटून परत लावायला सांगितली. मग ती हळूच उठली, खाचरात एक पाय टाकून बघितला. पाय पोटरीपर्यंत गेला. तिनं समाधानानं मान हलवली.

काकू शेजारच्या ओळीत होती. कौतुकानं म्हणाली, "अंगात ताकद हाय बायच्या, म्हून उटून बसली."

मावशीनं पाय चिखलातनं बाहेर काढला आणि शांतपणे म्हणाली, "ताकद तवा बी हुती."