पुतणीचं लग्न, साठ रुपये नग

माझ्या पुतणीचं लग्न मी साठ रुपये नग या भावाने विकलं. तीन घेतले तर दीडशे.

असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघतात. (बायकोकडे जरा जास्त वेळ.) म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझी बायको सुजाता टाकाऊतून टिकाऊ वस्तू करते. जुन्या साड्यांच्या पिशव्या, जीन्सचे पाऊच आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या छोट्या डब्या. झाकणावर पत्रिकेतलाच सोनेरी गणपती, आणि मजकुराची बाजू आत दुमडलेली. पनवेल, खारघर, उरण, जिथे कलामेळा तिथे आमचा स्टॉल. "आमचा" म्हणजे वस्तू तिच्या आणि टेबलं उचलणारा मी. कच्च्या मालाची ददात नाही. आमची भावकी बेलपाड्याची, म्हणजे निम्मं गाव नात्यातलं. लग्नसराईत इतक्या पत्रिका येतात की दाराला पोतं टांगावं! त्या सगळ्या एका खोक्यात जातात आणि खोकं कपाटावर.

मेळ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सुजाता मशीनवर पिशव्या शिवत होती.

"अहो, डब्या कमी पडतील. कपाटावरचं पत्रिकांचं खोकं काढा आणि कापायला घ्या. जमेल ना?"

"जमेल ना" ऐकून मी पेटलो. खोकं काढलं, कटर घेतला आणि दिवसभर कापत सुटलो. कागद असा जाड, असा गुळगुळीत, की कापताना लोण्यात सुरी जावी!

"काय गं, या सगळ्या एकसारख्याच आहेत."

"उरलेल्या असतील कुणाच्या तरी," ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "बघा हं, आतला मजकूर कापू नका, लोकांना ते आवडतं."

मजकूर मी कापला नाही. वाचलाही नाही. संध्याकाळी दीडशे डब्यांची भिंत उभी राहिली, आणि त्या भिंतीसोबत मी तीन सेल्फी काढले.

रविवारी पनवेलच्या मेळ्यात माझ्या डब्या तुफान चालल्या. एका बाईंनी झाकण उघडलं. "अय्या, आत चक्क आमंत्रण! मग आम्ही यायचं का लग्नाला?"

"यायचं म्हणजे काय! सहकुटुंब, सहपरिवार!" मी सुटे पैसे मोजत ठोकून दिलं. बाई एवढ्या खूश झाल्या की तीन डब्या घेतल्या. मग काय, दिसेल त्या गिऱ्हाइकाला मी लग्नाला बोलवायला लागलो. हात जोडून! "आहेर आणू नका" असंही दोघांना सांगितलं.

दुपारी दादा आणि वहिनी आले. त्यांच्या प्राचीचं लग्न येत्या शुक्रवारी, म्हणून पनवेलला खरेदीला आले होते. वहिनीने कौतुकाने एक डबी उचलली, उघडली आणि आतलं नाव वाचलं.

"भावजी, या डबीत आमची प्राची कशी काय?"

दादाने डबी हिसकावून घेतली. "आयला, ही तर आपलीच पत्रिका हाय!"

तेव्हा मला आठवलं. कपाटावर दोन खोकी होती. मागचं जुन्या पत्रिकांचं. पुढचं दादाने आठ दिवसांपूर्वी आणून दिलेलं, उरणकडच्या पाहुण्यांना वाटायचं. (पत्रिकेचं डिझाइन ग्रुपवर आलं होतं. मी न उघडताच अंगठा दाखवला होता.)

"उरनच्या पत्रिका वाटल्यास ना रं?" दादाने विचारलं.

"म्हणजे... सकाळपासून वाटतोच आहे."

"साठ रुपयाला?" वहिनी.

आमच्यात पत्रिका दारात जाऊन, हळदकुंकू लावून हातात द्यावी लागते. मोबाईलवर पाठवलेल्या आमंत्रणाला लोक मोबाईलवरच आशीर्वाद देतात. ज्याच्या दारात पत्रिका गेली नाही तो मांडवात येत नाही, आणि पुढे त्याचा नातूही येत नाही. त्यात उरण म्हणजे वहिनीचं माहेर.

"माझ्या सख्ख्या भावाची पन त्यातच होती!" वहिनीने पदर डोळ्यांना लावला. "मामा रुसला तर पोरीला उचलून बोहल्यावर आनील कोन? तुमी?"

(माझी कंबर गेल्या गणपतीपासून धरलेली आहे. तरी मी मान डोलावली.)

छापखान्याला फोन लावला. "सीझन आहे साहेब, शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा." लग्न शुक्रवारी दुपारी! मग मी विकलेल्या डब्या परत मिळवायला धावलो. पार्किंगमध्ये एक आजी सापडल्या.

"आजी, ती डबी परत द्या!"

"का रे बाबा? काही खराबी आहे?"

"त्यात माझी पुतणी आहे!"

आजींनी छातीशी पर्स घट्ट धरली आणि वॉचमनला हाक मारली.

परत आलो तेव्हा वहिनी खुर्चीत बसून डोळे पुसत होती, दादा मला शोधत होता आणि सुजाता डब्या मोजत होती.

"मजकूर आत पूर्ण आहे ना? मग डबी हीच पत्रिका," ती म्हणाली. "झाकणाला हळदकुंकू, आत अक्षता आणि एक पेढा. ज्या घरात तीन पत्रिका जायच्या तिथे एक डबी आणि तीन पेढे. उद्या पहाटे उरणला निघायचं. आणि सगळ्यांना सांगायचं, नवीन पद्धत आहे."

दोन दिवस मी स्कूटरवरून डब्या वाटत फिरलो. सगळ्यात शेवटी, धीर गोळा करून, मामाचं घर. मामाने डबी उघडली, पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "पत्रिका कुठं हाय?"

"हातात आहे तीच."

त्याने झाकण उलटंसुलटं केलं, मजकूर वाचला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझी कंबर आपोआप दुखायला लागली.

"झ्याक हाय," तो म्हणाला. "पन पेढा एकच?"

मी सगळा बॉक्स देऊन टाकला.

शुक्रवारी मामाने प्राचीला बोहल्यावर आणलं, आणि वहिनी आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. ते हसू पाच मिनिटं टिकलं. मग मांडवात माझी सगळी गिऱ्हाइकं आली! नटूनथटून, सहकुटुंब, सहपरिवार. दादाने त्यांना नवरदेवाकडची समजून पहिल्या पंगतीला बसवलं. नवरदेवाकडच्यांनी आमची समजून आग्रह केला. "आहेर आणू नका" हे मात्र दोघांनी अगदी काटेकोर पाळलं.

डबीची ही पद्धत आता भावकीत रूढ झाली आहे. सुजाताला ऑर्डरी पुरत नाहीत. माझ्यासाठीही एक वेगळी पद्धत रूढ झाली आहे. कुणाच्या घरी लग्न निघालं की माणूस आमच्या दारात येऊन उभा राहतो, पत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मला मोठ्याने वाचून दाखवतो, "नक्की या हां" म्हणतो आणि पत्रिका खिशात घालून परत घेऊन जातो.