गच्चीवरची सहा बर्थची गाडी

"कसलं बाथरूम? कुणाचं बाथरूम? बर्गीदादा, ही गच्ची आहे, गच्ची! आणि या माझ्या बड्या आहेत!"

खालच्या मजल्यावरच्या बौदी, म्हणजे वहिनी, ओरडत होत्या. बौदींचा आवाज असा, की इथे आमच्या बेहाल्यात त्यांनी नवऱ्याला हाक मारली तर हावड्याला सुटायला आलेली गाडी दोन मिनिटं थांबते. नवरा जन्मभर रेल्वेत होता, त्यामुळे गाडीनं थांबणं तसं रीतीला धरूनच आहे.

"बौदी, तुम्हाला गच्ची दिसतेय," मीही आवाज चढवला. "नीट बघा. तुम्ही संडासात उभ्या आहात आणि तुमच्या बड्या कमोडवर वाळताहेत."

बौदींनी दचकून एक पाय उचलला. खाली पांढऱ्या रांगोळीनं आखलेली अठ्ठावीस फूट लांब आणि आठ फूट रुंद गाडी होती. पुढे ड्रायव्हरची जागा, तिच्या डोक्यावर झोपायचा माळा, मध्ये ओटा आणि जेवायचं टेबल, कोपऱ्यात बाथरूम, शेवटी डबलबेड. सगळी मापं टेप लावून घेतलेली. पंचाईत एवढीच, की डिसेंबरचं ऊन त्या बाथरूमच्या कोपऱ्यातून सकाळी आठ ते तीन हलत नाही. आणि बड्या, म्हणजे आपले सांडगेच, घालायला बौदींना गेली वीस वर्षं तोच कोपरा लागतो.

शेवटी तह झाला. मार्चपर्यंत बाथरूम माझं, नंतर बौदींचं. बौदी ताट उचलून गाडीबाहेर गेल्या, त्याही दारातून. भिंतीतून नाही.

बर्गी म्हणजे आम्ही मराठे. आमचे घोडेस्वार कधीकाळी हा मुलूख लुटून गेले, ते बंगाली माणूस अजून विसरलेला नाही. आम्हाला अडवायला बागबाजारपासून एक खंदकही खणला होता. घोडे अडतील खंदकानं, बँकेची बदलीची ऑर्डर कशी अडणार? मी तीन वर्षांसाठी आलो आणि एकोणतीस वर्षं हललो नाही. मुलाची शाळा झाली, कॉलेज झालं, तो डॅलसला गेला, तिथलाच झाला. दोन वर्षांपूर्वी ही गेली. आता घरात मी आणि फ्रिज असे दोघेच बोलतो. त्यातही फ्रिज जास्त बोलतो.

तर आरव्ही. आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन-बीएचके. अमेरिकेत लोक अख्खं घर गाडीला जोडून सहलीला जातात आणि जिथे जातील तिथे आपल्याच घरात झोपतात. एवढं आपलंच घर हवं तर घराबाहेर कशाला पडायचं, असं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो होतो. पण ते मला कुणी विचारलं नव्हतं तेव्हा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मुलानं विचारलं. रविवारी सकाळी साडेआठला त्याचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे शनिवारची रात्र असते आणि नातवंडं झोपायला चाललेली असतात. "हाय आजोबा, बाय आजोबा" हे दोन शब्दप्रयोग त्यांना अस्खलित मराठीत येतात.

"बाबा, मार्चमध्ये मुलांच्या सुट्टीत फ्रेडरिक्सबर्गला जायचंय. सहा जणांची आरव्ही बघतोय. तुम्ही प्लॅन करून देता का? आपल्या एलटीसीसारखा?"

आता हे म्हणजे वाघाला शेळीचा पत्ता विचारण्यासारखं झालं. बँकेतून दर काही वर्षांनी सहलीचा खर्च मिळायचा आणि त्या सहलींचे प्लॅन मी असे करायचो, की हेड ऑफिसातले लोक ते वाचूनच जाऊन आल्याचं समाधान मानत. चार कार्बन कॉपी. एक माझ्याकडे, एक हिच्या पर्समध्ये, एक मुलाच्या खिशात, आणि चौथी होल्डॉलमध्ये, म्हणजे होल्डॉल हरवला तर त्याला आपापलं घरी येता यावं. गाडी सुटायची वेळ सहा कधीच लिहायची नाही, सहा-दहा लिहायची. गोल आकड्यांवर माणसाचा विश्वास बसत नाही.

सहा जण, तो म्हणाला. ते चौघं. पाचवा मी. माझ्या पासपोर्टात दहा वर्षांचा व्हिसा पडून होता. आम्ही दोघं एकदा जाऊन आलो होतो, त्या वेळचा. हिच्याही पासपोर्टातला अजून चालू आहे.

"सहा जण म्हणजे कोण कोण रे?" एवढं विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. म्हणूनच नाही विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या पाड्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बातमी झाली. मासळीवाल्याला मी सांगितलं, की टेक्सासच्या गव्हर्नरनं माझ्यासाठी एक डोंगर राखून ठेवलाय. त्यानं विचारलं, तिथं इलिश मासा मिळतो का. मी म्हणालो, इलिश तिथं घोड्यावर बसून येतो. मग हिचा रांगोळीचा डबा काढला आणि गच्चीवर गाडी आखली. रोज रात्री दवानं ती पुसट व्हायची, रोज सकाळी मी ती गिरवायचो. आयुष्यात कधी रांगोळी काढली नव्हती. हिच्या रांगोळीतून चालत जायचो म्हणून चाळीस वर्षं शिव्या मात्र खाल्ल्या होत्या.

बौदींचे यजमान, आमचे दादा, हावड्याला रिझर्वेशनचे चार्ट बनवायचे. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी कानावर पेन्सिल असते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि मान हलवली.

"साइड अप्पर कुठाय?"

"नाही दादा. टेबल पाडलं की त्याचा दोघांना बेड होतो. माळ्यावर दोघं, मागे दोघं."

"गाव केवढं?"

"बेहाल्यात संध्याकाळी ऑटोच्या रांगेत असतात त्याहून कमी माणसं. पण मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला निळी फुलं येतात, ती बघायला अख्खं टेक्सास तिथं लोटतं. गाडी उभी करायची जागा चार-चार महिने आधी घ्यावी लागते."

"नाही मिळाली तर तत्काळ?"

"तत्काळ नाही."

"कोटा?"

"कोटाही नाही."

"मग तो देश चालतो कसा?" दादांनी कानावरची पेन्सिल काढली. "चला, चार्ट करू. नावं नकोत. आमच्याकडे बाहेर गाडीला लावायच्या चार्टवर लिंग आणि वय महत्त्वाचं. नाव काय, कुणीही लावतं."

आम्ही टेबलाच्या जागी मांडी घालून बसलो. मध्ये मुढीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, वाडगा. दादा मोठमोठ्यानं बोलत लिहीत होते. माळ्यावर एफ ९ आणि एम ६. टेबलाच्या बेडवर एम ३८ आणि एफ ३६.

"मागे? ज्येष्ठ नागरिकांना लोअर, नियम आहे. एम ६९, तुम्ही." पेन्सिल थांबली. "आणि सहावं कोण?"

माझ्या तोंडात मुढी होती. मुढी चावायला वेळ लागत नाही, पण मी लावला.

"एफ ६५," मी म्हणालो.

पलीकडे बौदी डाळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. दादांनी मान वर केली नाही. घाटावर नेताना हिला पुढून डाव्या बाजूनं खांदा त्यांनीच दिला होता.

"लोअर?" त्यांनी विचारलं.

"लोअर."

त्यांनी लिहिलं.

तुम्ही म्हणाल, म्हातारा चळला. चळलो नव्हतो. ती येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण सहा बर्थच्या गाडीत एक बर्थ रिकामा सोडायचं माझ्या हाताला वळण नाही. एलटीसीच्या फॉर्मात माझ्याखालची ओळ तिचीच असायची. शिवाय कुणी विचारलंच तर म्हणता आलं असतं, एक बर्थ सामानाला.

चार्टचा फोटो मुलाला पाठवला. त्याचा अंगठा आला. त्या एका अंगठ्यावर मी अख्खा डिसेंबर काढला.

प्लॅन काय झाला म्हणून सांगू! निघायची वेळ पहाटे पाच पन्नास. वाटेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एम ६ ला गाडी लागते म्हणून लिंबू. गावचा मुख्य रस्ता एवढा रुंद, की जुन्या काळी जर्मन लोकांच्या बैलगाड्या तिथे एका दमात वळायच्या. तिथं एक तास रमतगमत. दुसऱ्या दिवशी गुलाबी दगडाचा तो डोंगर. चौघांनी चढायचं, दोन ज्येष्ठांनी पायथ्याशी चहा घेत बसायचं. आणि जाताना वाटेत, जिथं निळी फुलं दिसतील तिथं, तासभर थांबा. या थांब्यावर दादांनी आक्षेप घेतला. स्टेशन नाही, सिग्नल नाही, तासभर का म्हणून? मी म्हणालो, हिला फुलं दिसली की ही थांबल्याशिवाय पुढं जाऊच देत नाही, तेव्हा आधीच धरलेलं बरं. दादांनी लिहिलं: थांबा, ६० मिनिटं, तांत्रिक कारण.

दुपारी जेवून मी मागच्या बेडवर सतरंजी टाकून उन्हात पडायचो. बेड दोघांचा. मी कठड्याच्या बाजूला. ही आतल्या बाजूला झोपायची, रात्री उठून मुलाचं पांघरूण बघायला सोपं जायचं. सतरंजी मात्र एकट्याची होती, त्यामुळे आतल्या बाजूला नुसतं सिमेंट आणि रांगोळीची एक रेघ. तिथे मी कधी पेपरही ठेवला नाही. एकदा मांजर येऊन झोपलं, त्याला तिकीट विचारलं, ते गेलं.

जानेवारीतल्या एका रविवारी कॉल आला तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. म्हटलं, आज विमानाच्या तारखांचा विषय निघणार. फोन लागला, आणि पडद्यावर मुलगा नव्हताच. सोफ्यावर शाली पांघरून माझे व्याही आणि विहीणबाई बसले होते. नागपूरचे.

"नमस्कार व्याहीबुवा!" व्याही म्हणाले. "परवाच पोचलो बघा. आता सहा महिने इथंच."

मागून मुलाचा आवाज आला. "बाबा, मी सांगितलं होतं ना? हे येताहेत म्हणून तर सहाची घेतली गाडी."

सांगितलं असेल. कधीकधी नेटवर्क जातं.

"काय चार्ट केलाय हो तुम्ही!" व्याही खूश होते. "एम ६९, एफ ६५, लोअर. आमची वयं अगदी बरोब्बर! माझे गुडघे असे, मी हिला म्हणत होतो, आपल्याला माळ्यावर चढवतात की काय. तर तुम्ही तिकडे बसून सगळा विचार करून ठेवलेला!"

विहीणबाई पुढे सरकल्या. "आणि फुलांसाठी तासभर! मला फुलं आवडतात हे तुम्हाला कसं हो कळलं?"

सत्तरीला आलेल्या माणसाच्या आयुष्यात थापा मारायच्या हजार संधी येतात आणि मी त्यातली एकही सोडलेली नाही. मासळीवाल्याला, मॅनेजरला, ऑडिटरला, यमाच्या रेड्यालाही मारीन. पण त्या सकाळी मारली तशी सफाईदार थाप मी जन्मात मारली नाही.

"वा!" मी म्हणालो. "व्याह्यांचे गुडघे आणि विहिणीची आवड ठाऊक नसेल, तर कसला आलाय प्लॅन?"

सगळे हसले. मुलगा पडद्यावर आला. जरा जाड झालाय. "थँक्यू बाबा. खरंच. इतकं कुणी करत नाही." मग म्हणाला, "पुढच्या वर्षी तुम्ही या. नक्की."

"बघू. इथं मला वेळ कुठाय?"

"हाय आजोबा, बाय आजोबा," मागून नातू ओरडला.

फोन ठेवला तेव्हा नऊला दहा कमी होते. शर्ट बदलला नाही. रांगोळीचा डबा घेऊन सवयीनं वर गेलो. दादा चार्टची पक्की प्रत घेऊन टेबलाशी बसले होते. गाडीबाहेर, कडेच्या सावलीत, बौदी ओल्या बड्यांचं ताट गुडघ्यावर धरून ऊन सरकायची वाट बघत होत्या. तह म्हणजे तह.

"काय मग, तारखा?" दादांनी पेन्सिल सरसावली.

मी सुरुवात जोरात केली. म्हटलं, "अहो, टेक्सासात माझ्यावरनं दंगल झाली. गव्हर्नर म्हणाला आमच्याकडे उतरा, मुलगा म्हणाला आमच्याकडे, शेवटी मीच म्हटलं, भांडू नका—" आणि पुढचं वाक्य आलंच नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं. दादा पेन्सिल धरून थांबले होते.

"व्याही आणि विहीण आलेत तिकडे," मी म्हणालो. "तेच ते दोघं. मी नाही जात."

दादांनी चार्टकडे बघितलं. पेन्सिल कानावर ठेवली, परत काढली, परत ठेवली. खाली रस्त्यावर कुणीतरी बंधाकोपी, म्हणजे कोबी, विकत होता. मी डबा उघडून उगाच आतली रांगोळी सारखी करत राहिलो.

बौदी ताट घेऊन उठल्या.

"मग बड्या बाथरूममध्ये घालते," त्या म्हणाल्या. "ऊन तिथंच येतं."