खिडकीची कडी

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख वारा नेईल तिकडे जायची. वारा आमच्या चाळीकडे वळला की दोरीवरचे कपडे, खिडकीचा कठडा, पाण्याच्या पिंपावरचं झाकण, सगळ्यावर पिठासारखा बारीक थर बसायचा. चाळीत कुणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं. बायका कपडे झटकायच्या आणि घड्या घालायच्या. शेजारच्या खोलीतल्या वहिनी सटाण्याकडच्या, त्या म्हणायच्या, "राख शे ती, विंचू नही."

मला मात्र ती विंचवासारखीच डसायची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा खेड्यातल्या शाळेत शिकत असताना एकदा त्यांच्या सदऱ्यावर जांभळाचा डाग पडला. शेजारच्या पोराच्या सदऱ्यावरही तसाच होता, दोघं एकाच झाडाखाली गेलेले. गुरुजींनी डागाकडे बोट दाखवून दादांना उठवलं आणि मागे, दारापाशी बसवलं. तो दुसरा पोरगा जागेवरच बसून राहिला. दादा हे सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसायचा, हिशेब समजावून सांगावा तसं सांगायचे. "त्यांच्या अंगावर पडला तर तो जांभळाचा डाग. आपल्या अंगावर पडला तर तो आपला." मग मला दारात उभं करून कॉलर बघायचे, नखं बघायचे, कानामागे बोट फिरवायचे. मी शाळेत निघालोय की कोर्टात, असं वाटावं.

दादांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा दोष त्यांच्यावर जाऊ नये.

सत्तरच्या दशकात मला सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. दादांचा डागाचा नियम माझ्याबरोबर तिथं आला. एकदा पेन गळलं आणि खिशाखाली शाईचा ठिपका पडला, हरभऱ्याएवढा. मी दिवसभर छातीशी फाइल धरून हिंडलो. दुपारी डबा उघडायला फाइल खाली ठेवावी लागली असती म्हणून जेवलो नाही.

"काय हो, जेवायचं नाही?"

"उपास आहे."

"उपास? तुम्हाला कधीपासून उपास?" आणि सगळे हसले. साधं हसले असतील. आम्ही बौद्ध, घरात कुणी एकादशी-चतुर्थी धरत नाही, हे त्यांना माहीत होतं. मला ते हसणं संध्याकाळपर्यंत पाठीत टोचत राहिलं. त्या कचेरीत माझा एकही मित्र झाला नाही. चहा फिरायचा तेव्हा कप इतरांच्या टेबलावर ठेवले जायचे आणि मला हातात मिळायचा. मी त्याचा अर्थ लावून मोकळा झालो होतो, माझं टेबलसुद्धा त्यांना चालत नाही.

लग्न झालं. ती वणीकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरच्या घराचं दार फक्त कुत्रं आत येऊ नये म्हणून लावत. आमची एकच खोली, आणि तिला एक मोठी खिडकी. समोर द्राक्षाचा मळा, मधून नळावर जायची पायवाट. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्या खिडकीत तांदूळ निवडत बसली आणि संध्याकाळपर्यंत नळावरच्या सगळ्या बायका तिच्या ओळखीच्या झाल्या. तिची एक खोड होती. गंमत सांगायला लागली की आधी स्वतःच हसायची, इतकं की गंमत राहूनच जायची. वहिनी म्हणायच्या, "हसनं परवडनं, पन सांग ते खरी!"

मी खिडकी लावायला सांगितली.

"अहो, जीव गुदमरतो."

"राख येते आत."

"येऊ द्या की. आपण काय साखरेचे हाय का?"

"लोक बघतात."

"कोण लोक? समोर तर द्राक्षं हायेत."

मी उठून कडी लावली. कपडेही आतच वाळवायचे असं ठरवलं, म्हणजे मीच ठरवलं. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. ओल्या लुगड्यांखालून मान वाकवून वावरायचं, स्टोव्हचा धूर, ओलीचा कुबट वास, उन्हाळ्यात घामाच्या धारा. दादा आमच्याकडेच होते. ते बाहेर पारावर जाऊन बसायचे. मला सुटका नव्हती. झोपेतही माझा हात कॉलरकडे जायचा, असं तीच मला सांगायची. आधी हसून सांगायची.

लग्नानंतरच्या एका वैशाख पौर्णिमेचं सांगायचं आहे. बाकीचं सगळं मी त्यासाठीच लिहितोय.

चाळीच्या टोकाला आमचं छोटं विहार होतं, पत्र्याचं. बायकांनी तिला वंदनेला पुढे उभं राहायला सांगितलं होतं. आवाज मोकळा, शब्द स्वच्छ. ती आधी कित्येक दिवस भाकरी थापताना त्रिशरण म्हणत होती, थोडं अडलं की पुन्हा पहिल्यापासून. माहेरी तिला कुणी कधी पुढे उभं केलं नव्हतं. पांढरं लुगडं एकच होतं. तिनं ते धुतलं, नीळ दिली, आणि आत लवकर वाळेना म्हणून मला न विचारता बाहेर उन्हात टाकलं.

मी आणि दादा पुढच्या रांगेत बसलो होतो. ती आली, बायकांमधून वाट काढत पुढे गेली, हात जोडले. तिच्या खांद्यावर, पदराच्या काठाला, राखेचे करडे ठिपके होते. झटकायचं राहून गेलं असेल. मी उठलो. तिच्याजवळ गेलो.

"घरी जा. बदलून ये."

ती आधी हसली, तिला गंमत वाटली. "नाय दिसत हो कुणाला."

"मला दिसतंय."

"दुसरं पांढरं नाय ना."

"मग येऊ नको."

मी हळू बोललो होतो. पण पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असणार, कारण कुजबूज थांबली. तिनं जोडलेले हात खाली घेतले. पदर दुसऱ्या खांद्यावर ओढून घेतला आणि आली त्याच वाटेनं बायकांमधून बाहेर गेली. वहिनींनी विचारलं, "काय झालं, भाऊ?" मी म्हणालो, "डोकं दुखतंय तिचं." वंदना दुसऱ्या कुणी तरी म्हटली. मी सगळ्यांबरोबर हात जोडून बसलो. शर्ट स्वच्छ होता.

परत येताना दादांनी विचारलं, "तिला का पाठवलंस?"

"डाग होता."

ते थांबले. वाटलं, पाठीवर हात ठेवतील. चिमण्यांकडे बघत म्हणाले, "मला गुरुजींनी मागे बसवलं होतं रे. घरी नव्हतं धाडलं."

मला हे कळायला हवं होतं. मी मनात म्हणालो, दादा आता म्हातारे झाले.

घरी आलो तर खिडकी लावलेली होती. त्यानंतर मला ती कधी लावायला सांगावी लागली नाही. सकाळी वारा सुटायच्या आधीच कडी लागलेली असायची. वंदनेला ती यायची, शेवटच्या रांगेत, दारापाशी बसायची. बायकांनी पुढे बोलावलं तर म्हणायची, "घसा बसलाय." वहिनी बाहेरून खिडकीच्या फळीवर टकटक करायच्या, "काय वं, जित्ती शे का?" आतून उत्तर यायचं, "हाय." तेवढंच. मग वहिनींनीही टकटक करणं सोडलं.

ती वाळत गेली. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली. "अंगात तर काही नाही. मनाला काही लागलंय का, बाई?"

"नाय," ती म्हणाली. मी शेजारी उभा होतो, टॉनिकची बाटली हातात धरून.

दादा गेले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. निरोपाच्या दिवशी शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "एक सांगू का? तुमच्या टेबलावर चहा ठेवायची भीती वाटायची आम्हाला. सांडला आणि तुमच्या शर्टावर उडाला तर? म्हणून हातात द्यायचो." आणि हसले. त्यांचं खरं की मी लावलेला अर्थ खरा, ते मला अजून ठरवता येत नाही. थोडं दोन्हीही असेल. पण तोवर खोलीतल्या दोऱ्यांना किती तरी वर्षं झाली होती.

अंबडच्या बाजूला दोन खोल्यांचं घर मिळालं. तिथं एकलहऱ्याची राख पोचत नव्हती. सामान लागल्यावर मी पहिल्यांदा खिडकी उघडली. समोर मोकळं रान होतं, पलीकडे नवी घरं उठत होती, कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

"ये, बस इथं," मी म्हणालो.

ती आली. कठड्यावरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. स्वच्छ होतं. मग तिनं खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली.

"राहू दे की उघडी. इथं राख नाही."

"माहीत हाय."

"मग?"

ती तांदळाचं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली, आणि भिंतीकडे तोंड करून निवडत बसली.

मी कडीपाशी उभा राहिलो. काढायला हात उचलला, पण आता ती कडी तिची होती. तिला विचारल्याशिवाय काढता येणार नव्हती, आणि विचारायचं तर त्या पौर्णिमेपासून सुरुवात करावी लागली असती. मी हात खाली घेतला. खाली येता येता तो कॉलरकडे गेला.