दहावा माणूस

पोरांनो, आज प्रार्थनेच्या मलिद्यासाठी पोहे भिजवून त्यात खोबरं मिसळलं, आणि त्या वासाने मला दुष्काळातल्या बीडला नेलं. सासूबाईंची वर्षी होती. आपल्यात प्रार्थनेला निदान दहा यहुदी पुरुष लागतात. जिल्हाभरातून कसेबसे तेवढेच जमले होते.

इस्राएलला जायचं की नाही, यावरून वाद पेटला. धाकटे भाऊजी म्हणाले, "बसा इथं टँकरची वाट बघत!"

सहकारी कारखान्यात नोकरीला असलेले तुमचे आजोबा उसळले, "ऊस वाळला म्हणून गाव टाकून पळू?"

भाऊजी चपला घालू लागले. मामंजी म्हणाले, "पटत नसेल तर नसू दे. पण तू गेलास तर आईची प्रार्थना राहील."

भाऊजी बसले. मलिदा संपला तरी वाद संपला नाही, पण उठून कोणी गेलं नाही.

तुम्ही भावंडं तिकडे इस्राएलात निवडणुकीवरून एकमेकांशी बोलत नाही म्हणे. तिथं दहा माणसं सहज मिळतात, एक उठून गेला तरी अडत नाही. मला त्याचीच धास्ती वाटते.